प्रज्योतचा दम

श्रावण लागला की आमच्याकडे फोन यायला लागतात. उलव्यातल्या एखाद्या सोसायटीचे सेक्रेटरी, नाहीतर शाळेतल्या बाई. "सर, गोकुळाष्टमीला येणार ना? पीतांबर आणि मोरपीस आमच्याकडे आहे, तुम्ही फक्त बासरी घेऊन या." माझा नवरा चाळिशीला टेकलाय. दाढी ठेवतो, पोट सुटलंय. अशा माणसाला मोरपीस खोवून दहीहंडीखाली उभं करायचं! तो फोनवर गोड आवाजात "बघतो" म्हणतो आणि मग स्वयंपाकघरात येऊन माझ्यावर करवादतो, जशी काही मोरपिसाची कल्पना माझीच.

त्याचं नाव प्रज्योत. धंद्यानं बासरीवादक. मी कल्पिता, द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात आहे. घर बरंचसं माझ्या पगारावर चालतं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. म्हणजे, कधीकधी सांगते.

उरणच्या खाडीकाठी आमचं गाव. तिथं प्रज्योत बासरी वाजवतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काय वाजवतो ते मात्र कुणाला माहीत नाही. मुंबईत पूनम नावाची एक बाई आहे, मूळची महाडकडची. ती चेलो वाजवते, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन. तिनं चार-पाच वादकांचा एक गट केलाय. हे लोक आजच्या काळात नव्यानं रचलेलं संगीत वाजवतात. त्यात राग शोधायला जाऊ नये, सिनेमाचं गाणं तर नाहीच नाही. प्रज्योत त्यांच्यात वाजवतो आणि स्वतः रचतोही. त्याच्या बासरीतून कधी नुसती हवा जाते, कधी बोटं भोकांवर आपटल्याचा आवाज येतो, कधी तो गुणगुणत फुंकतो आणि दोन सूर एकमेकांना घासत निघतात. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं बासरी उलली. मग ऐकत गेले, कान बसला. आता त्यातलं बरंच मला आवडतं, आणि जे आवडत नाही ते मी तोंडावर सांगते.

पण ऐकायला येणार कोण? एखाद्या लहानशा दालनात खुर्च्या मांडतात, निम्म्या भरतात, आणि भरलेल्यांत निम्मे वादकांचेच मित्र. एकेकाळी स्टुडिओचं काम होतं, मालिकांचं, जाहिरातींचं. आता कीबोर्डवाला बटण दाबतो आणि बासरी वाजते. पडद्यावर आई रडली की बासरी, गाय दिसली की बासरी, आणि सगळी डब्यातली. "डब्यातल्या बासरीला जेवायला लागत नाही," प्रज्योत म्हणतो, आणि वर आमटी जास्त वाढून घेतो.

राहिल्या शिकवण्या. उलव्याच्या टॉवरांमध्ये लिफ्टनं वर जायचं, दाराबाहेर चपला काढायच्या, आतून कुकरच्या शिट्ट्या, आणि समोर एक जांभया देणारं पोरगं. आई सोफ्यावर बसून विचारणार, "सर, पुढच्या महिन्यात ह्याचा बर्थडे आहे, तोवर एक गाणं बसेल ना?" प्रज्योतला एकच प्रश्न पडतो, की फुंकही न येणाऱ्या पोराचं गाणं बसणार कुठं. पण तोंडानं म्हणतो, "बसवू." एक वडील तर म्हणाले, "सर, बासरीपेक्षा कीबोर्डला स्कोप आहे का?" हे बासरीच्या सरांनाच विचारायचं! त्या दिवशी घरी येऊन त्यानं चपला अशा भिरकावल्या की एक पार तुळशीपाशी गेली.

एक मुलगी होती, अमिषा. गावातल्याच ट्रेलरवाल्यांची. तिला त्याचं हे वेगळं वाजवणं कळायचं. एकदा प्रज्योतनं शिकवता शिकवता आपल्या नव्या रचनेतला तुकडा वाजवला, तर ती म्हणाली, "सर, तुम्ही मध्ये थांबलात ना, तेव्हाच मला जास्त ऐकायला आलं." प्रज्योत तो दिवसभर हवेत होता. मला तेच वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मी म्हटलं, तिलाच दत्तक घे. पुढे दहावी लागली, क्लासेस लागले, बासरी सुटली. तिच्या आईनं पेढे आणून दिले आणि म्हणाली, "खूप छान छंद लावलात हो." छंद! तो पेढा त्यानं खाल्ला नाही, मी खाल्ला.

या सगळ्यावर तो धुसफुसतो, पण ते वरवरचं. आत जे सलत होतं त्याचं नाव बुधाजी. माझे सासरे.

उरणपासून पेणपर्यंत आगऱ्यांच्या लग्नात बुधाजीची बँडपार्टी आली म्हणजे लग्नाला वजन आलं, असं एकेकाळी होतं. बाबा क्लॅरनेट वाजवायचे. मिठागरं गेली, न्हावा शेव्याचं बंदर आलं, भाऊबंदांनी डंपर घेतले, ट्रेलर घेतले. बाबांनी बँड सोडला नाही. मग छातीनं दगा दिला. वरातीत वाजवता वाजवता त्यांचा दम तुटायला लागला. पण कितीतरी लग्नं वऱ्हाड्यांना त्याचा पत्ताही लागला नाही, कारण पार्टीचा एक नियम होता. वाजवणाऱ्याला उघडा पाडायचा नाही. मुख्य वाजवणारा अडकला की बाकीच्यांनी त्याच क्षणी उचलायचं, हळदीची नाचती चाल, जोरात, की लोकांना वाटावं हे ठरलेलंच होतं. तोवर तो खाली वाकून श्वास घेणार, घोटभर पाणी पिणार, आणि परत येणार. खूण एकच, हवेत मूठ.

आता बँडच्या जागी बेंजो आला, तारांचा आणि स्पीकरवर वाजणारा. बाबांच्या हाताखाली तयार झालेला स्वप्निल आज पार्टी चालवतो. वाद्यं बदलली, चाली बदलल्या, पण नियम तोच आहे. बाबा ओट्यावर बसलेले असले तर स्वप्निलची पोरं टेम्पो थांबवून त्यांच्या पाया पडतात आणि मग हळदीला जातात.

आणि या बुधाजीबाबांनी आपल्या मुलाचं वाजवणं कधी ऐकलंच नव्हतं. घरातला रियाज कानावर पडायचा, पण तो भिंतीपलीकडचा. मुंबईला बोलावलं की म्हणायचे, "तिकरं आमचा काय काम?" कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर ठरलेलं उत्तर, "पोरांना शिकवतो." वाजवतो, असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. प्रज्योत पलीकडच्या खोलीत असायचा आणि त्याला ते ऐकू यायचं. त्याला ना पेपरात नाव हवं होतं ना परदेशदौरा. बापानं समोर बसून त्याची एक रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी, एवढंच हवं होतं. हे तो एरवी बोलायचा नाही, पण तापात बरळला तेव्हा हेच बरळला. म्हणून मला ठाऊक.

गेल्या मे महिन्यात तशी संधी आली. शिकवणीच्या मुलांचा वार्षिक कार्यक्रम दर वर्षी उलव्यात व्हायचा. यंदा हॉल मिळाला नाही, तेव्हा प्रज्योतनं आमच्या गावच्या समाजमंदिरात ठेवला. नारळ फोडायला प्रमुख पाहुणे कोण, तर बुधाजीबाबा. आता पाहुण्याला शेवटपर्यंत बसणं भागच. मुलांचं झालं की शेवटी प्रज्योत आपली नवी रचना वाजवणार होता. ती त्यानं ओहोटीवर केली होती. पाणी मागं जातं, खाडीत नुसता चिखल राहतो, वारा फिरतो, मग सगळं गप्प. सुरुवातीला सूर, मग सुरातली हवा, मग नुसती हवा, आणि मग तो बासरी ओठाला तशीच लावून थांबतो. बराच वेळ थांबतो. अंगही हलवत नाही. त्या गप्प राहण्यातून शेवटी एकच सूर निघतो. "सगळी रचना त्या थांबण्यासाठीच आहे," तो मला म्हणाला होता. "आधीचं सगळं म्हणजे तिथपर्यंतचा रस्ता."

मी त्याला म्हटलं, "माइकवरून दोन शब्द सांग ना आधी. की मी मध्ये थांबणार आहे, घाबरू नका."

"लाडू हातात देताना त्यात किती साखर घातली ते सांगतेस का तू?"

"इथं लाडूच कुणी पाहिलेला नाही प्रज्योत."

"मग बघतील."

हट्टीपणात बाप-लेक एका माळेचे मणी. मी समोशांचा हिशेब करायला घेतला.

साउंड स्वप्निलच्या पार्टीचा होता, कारण गावात दुसरा साउंडच नाही. त्याच संध्याकाळी खालच्या आळीत हळद होती, तेव्हा पार्टीची सगळी माणसं वाद्यांसकट समाजमंदिरातच येऊन बसली. इथलं संपलं की स्पीकर उचलायचे आणि तिकडे जायचं, असा बेत. बेंजो आधीपासून जोडून ठेवलेला, ढोलकी आणि ताशा पायांशी. मी ते पाहिलं. पाहून मला काही वाटायला हवं होतं, पण माझं लक्ष समोशांकडे होतं.

मुलांचं झालं. एकानं राष्ट्रगीत अर्ध्यात सोडलं, टाळ्या पडल्या. मग प्रज्योत स्टेजवर आला आणि त्यानं पंखे बंद करायला लावले. पात्यांचा आवाज नको म्हणे. मे महिना, पत्र्याचं छप्पर, आणि पंखे बंद! बायका पदरानं वारा घ्यायला लागल्या. पहिल्या रांगेत पांढऱ्या शर्टात बाबा ताठ बसले होते. मी त्यांच्या मागच्या रांगेत.

त्यानं सुरू केलं आणि खरं सांगते, सुंदर सुरू केलं. बायकांचे पदर थांबले. बाबांची मान हलायला लागली, अगदी थोडी, पण मी पाहिली. मला रडूच यायचं बाकी होतं. मग सुरात हवा मिसळायला लागली. साउंडवाल्या पोरानं माइक बिघडला समजून आवाज वाढवला, तेव्हा ती हवा सगळ्या मंदिरात घोंघावली. बाबांची मान थांबली. ते पुढे झुकले. सूर विरत गेला, नुसती हवा राहिली, आणि बाबांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. मग हवाही थांबली.

प्रज्योत डोळे मिटून उभा. बासरी ओठाला, कपाळावरून घाम ओघळतोय, छाती हलत नाही. समाजमंदिर गप्प. बाहेर कुठंतरी ट्रेलर मागं घेत होते, त्याचा टूं-टूं आवाज तेवढा येत होता. हेच, हेच त्याला हवं होतं. आणि बाबा उठून उभे राहिले. त्यांची मूठ वर गेली.

मी "बाबा, नको!" म्हणाले. मी म्हणाले हे मला आठवतं, पण ते कुणाला ऐकू येणार? मूठ वर गेल्याबरोबर ताशा कडाडला, ढोलकी पडली, स्वप्निलच्या बेंजोनं हळदीची चाल उचलली आणि सगळं छप्पर थरथरायला लागलं. कुणीतरी पंखे लावले. लोक इतके सुटल्यासारखे झाले की दुसऱ्या क्षणी नाचायलाच लागले. शिकवणीची पोरं, त्यांचे आईबाप, उलव्याच्या टॉवरातल्या मॅडमसुद्धा. प्रज्योत डोळे उघडून पाहत होता. बाबा स्टेजवर चढले, लेकाला त्यांनी वाकवलं, आणि ठसका लागलेल्या पोराची चोळावी तशी त्याची पाठ चोळायला लागले. माइक चालूच होता. त्यातून सगळ्या गावानं ऐकलं, "पोऱ्याला पानी द्या रं. घाबरू नको, झाकला आमी."

लोकांनी त्या कार्यक्रमाचं तोंड भरून कौतुक केलं. असा वार्षिक कार्यक्रम उलव्यात कधी झाला नाही म्हणाले.

घरी आल्यावर प्रज्योतनं हातपायही धुतले नाहीत. बाबा ओट्यावर टेकले होते, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, माझा दम तुटला नव्हता."

"बरा."

"बरा काय? मी मुद्दाम थांबलो होतो. ती रचनाच तशी आहे. थांबायचं आणि मग शेवटचा सूर."

बाबा हसले. त्या हसण्यात राग नव्हता, माया होती, आणि तीच मला भयंकर वाटली. "मी पन तुज्या आयेला तसाच सांगाचो. मुद्दाम थांबलो, चाल बदलाची व्हती. एवरे दिवस सांगितला. ती बी हां म्हनाची."

"तुमची गोष्ट वेगळी होती!"

"दम तो दमच रं. तुजा काय, माजा काय. आन मना काय आईकला न्हाय? सूर धरत नव्हता, बासरीतून नुसती हवा जात व्हती. मना तवाच समजला."

"ती हवा मीच काढत होतो!"

"व्हय. मी बी तसाच म्हनलो असतो."

प्रज्योतनं माझ्याकडे पाहिलं. मी मध्ये पडले, सगळं नीट समजावून सांगितलं. ओहोटी, चिखल, वारा, थांबणं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू त्याची बायको हायस गो. तू त्याचीच बाजू घेनार. घ्यायलाच पायजे." संपलं. सासूबाई गेल्यापासून या घरात बाबांशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही, आणि त्या असताना त्या एकट्याच जिंकायच्या.

दुसऱ्या दिवशी प्रज्योतनं शेवटचा उपाय केला. बाबांना खुर्चीत बसवलं आणि समोर उभं राहून तीच रचना वाजवायला घेतली. थांबायची जागा आली. तो थांबला. बाबा उठले, त्याच्या मागे गेले आणि पाठीवरून हात फिरवायला लागले. "सावकास," म्हणाले, "घाई न्हाय." प्रज्योतनं बासरी खाली ठेवली आणि आत जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. मला हसू येत होतं आणि त्याच्यासाठी जीवही तुटत होता. दोन्ही एकदम कसं होतं ते मला विचारू नका.

मग डॉक्टर. बाबांनी हट्टच धरला, प्रज्योतला पनवेलच्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं, आणि म्हणाले, "यांची फुप्फुसं घोड्याची आहेत." मी मनात म्हटलं, चला, सुटलो. बाहेर येऊन बाबा म्हणाले, "माजा बी पयला फोटो साफच आला व्हता."

यातली खरी चीड आणणारी गोष्ट तर पुढेच आहे. बाबा बदलले. नाक्यावर, देवळात, लग्नात कुणी विचारलं, प्रज्योत काय करतो, की ते सांगायला लागले, "माजा पोऱ्या वाजवतो." मग आवाज थोडा खाली आणून, "दम कमी हाय. पन वाजवतो. सोडत न्हाय." ज्या शब्दासाठी माणूस उभा जन्म झुरला तो शब्द बाप गावभर वाटत सुटला होता, आणि तोही असा. प्रज्योतला धड हसता येईना, धड भांडता येईना. दात ओठ खात शिकवणीला जायचा. एका पोराला त्यानं "फुंक जरा, फुंक!" असं दरडावलं, तर ते रडलं आणि शिकवणी सुटली.

पावसाळा सरल्यावर पूनमचा फोन आला. मुंबईत कार्यक्रम, आणि त्यात प्रज्योतची ओहोटीची रचना. नुसतं वाजवायचं नव्हतं, तिथं ती पहिल्यांदा नीट ध्वनिमुद्रित होणार होती. प्रज्योतनं जेवताना सहज सांगितलं. बाबा म्हणाले, "मी येतो."

आम्ही दोघं त्यांच्याकडे पाहतच राहिलो. तिकडं आमचं काय काम म्हणणारा माणूस! प्रज्योत म्हणाला, "खरंच येता?" आणि त्या क्षणी तो दहा वर्षांच्या मुलासारखा दिसला. नाही म्हणायची ताकद त्याच्यात नव्हती. माझ्यातही नव्हती.

आम्ही सागरी सेतूवरून गाडीनं गेलो. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता, मांडीवर कापडी पिशवी होती. मी समजले, डबा असेल. दालनात पोचल्यावर ते थेट पहिल्या रांगेत मधोमध बसले. दिवे मंद झाले, पूनमनं एकदा मान हलवली आणि प्रज्योतनं सुरू केलं. बाकीचे वादक त्याच्यामागे हलकेच सूर धरून होते.

तेव्हा बाबांनी पिशवी उघडली. आतून क्लॅरनेटचे तुकडे काढले आणि आवाज न करता एकेक जोडले. मी शेजारीच होते. "बाबा, हे काय?" मी कुजबुजले. "हितं पार्टी कुटं हाय?" ते म्हणाले. "पोऱ्या उघडा पडंल." त्यांनी क्लॅरनेटच्या तोंडाची पातळ पट्टी ओठांत धरली आणि ओली करायला लागले. ज्या माणसाला जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, ज्याला कितीतरी वर्षांपूर्वी डॉक्टरांनी फुंकायची बंदी केलीय, तो माणूस लेकासाठी फुंकायला तयार होऊन बसला होता. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

सुरात हवा मिसळली. मग नुसती हवा. प्रज्योतचे डोळे मिटलेले होते, आणि मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, उघडू नको, आज उघडू नको. त्यानं उघडले. समोर बाप. क्लॅरनेट ओठाला लावलेलं, गाल फुगलेले, छाती भरून घ्यायच्या धडपडीत मानेच्या शिरा वर आलेल्या. डोळे लेकाच्या छातीवर खिळलेले, ती कधी थांबते याची वाट बघत.

प्रज्योत थांबलाच नाही. हवेतून त्यानं सूर काढला, तो धरला, त्याला दुसरा जोडला, आणि जिथं गप्प राहायचं होतं ती सगळी जागा वाजवून भरून काढली. गोड वाजवलं. कुणाही सोसायटीला आवडलं असतं. पूनमचा गज हवेत तसाच राहिला होता, तिला कळेना काय चाललंय. शेवटचा सूरही त्यानं वाजवला, पण तो आता कुठून आला आणि कशाला आला हे कुणाला समजणार नव्हतं. बाबांनी क्लॅरनेट खाली घेतलं आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागले.

नंतर पूनमनं त्याला बाजूला घेतलं. ती ओरडली नाही, त्याचंच मला वाईट वाटलं. "थांबायची जागा कुठं गेली?" तिनं विचारलं. "तीच तर रचना होती ना, प्रज्योत? यात आता काय ठेवू मी?" तो बासरी पुसत राहिला. काय सांगणार? माझा बाप पहिल्यांदा ऐकायला आलाय, म्हणून मी ऐकण्यासारखं जे होतं तेच काढून टाकलं? पूनम म्हणाली, पुण्याला पुढच्या महिन्यात परत वाजवू, तिथं ध्वनिमुद्रण करू, पण तेव्हा जसं लिहिलंय तसंच.

परतताना बाबा पुढच्या सीटवर होते. खूश होते. पिशवी पायाशी ठेवली होती, खिडकीतून पाण्याकडे बघत होते. सेतूच्या मध्यावर ते म्हणाले, "आज न्हाय तुटला."

"नाही," प्रज्योत म्हणाला.

"आज सगला आईकला मी. पयल्यापासून शेवटपतूर. चांगला वाजवतोस रं." आणि थोड्या वेळानं, "आता मी दर येलेला येत जाईन."

प्रज्योतनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. मागून मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, कान तेवढे दिसत होते, आणि ते लाल झाले होते.

घरी पोचल्यावर बाबा झोपायला गेले. मी त्याला विचारलं, "पुण्याची तारीख कधीची?" त्यानं सांगितली. मग बाबांच्या खोलीचं दार ओढून घेत तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाबांना सांगू नकोस."